अवसेचा पेशंट

सुई निघाली, कापूस दाबला गेला, आणि डॉक्टर हेमावतीबाईंनी बेसिनपाशी हात धुता धुता पाठमोऱ्याच विचारलं, "बाकी सगळं ठीक ना नरसिंग? तुम्ही दोघं सांभाळून असता ना?" नरसिंग पँटचा पट्टा आवळत होता. सांभाळून म्हणजे लोकांपासून, असं धरून तो म्हणाला, "व्हय की. एका खोलीत राहणारे दोन सडे गडी, एवढंच लोकांला ठावं हाय." बाई वळल्या. गेल्या महिन्यात नरसिंगला इथंच ताप भरला तेव्हा त्याच्याच खोलीत राहणारा जयतीर्थ त्याला न्यायला आला होता, आणि ज्या काळजीनं त्यानं नरसिंगच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता ती पाहून बाईंनी समजायचं ते समजून घेतलं होतं. "लोकांचं नाही विचारत अप्पा," त्या टॉवेलला हात पुसत म्हणाल्या. "दिवस राहू नयेत म्हणून काय करता, ते विचारते."

नरसिंग आधी हसलाच. ओठावर मिशी, गालभर दाढी, फुटलेला आवाज, आणि बाई विचारतात काय! "माझं ते सगळं बंद झालंय की बाई. दीड साल झालं, एक थेंब न्हाई." बाई हसल्या नाहीत. "पाळी बंद झाली, बरोबर. पण अंडं सुटायचं बंद झालं असं कुणी सांगितलं तुला? ह्या सुईनं दाढी येते, आवाज बदलतो, पाळी थांबते. पण आतलं यंत्र एखाद्या महिन्यात न सांगता चालू होतं. सुई म्हणजे कुलूप नव्हे. आणि तसं काही झालं तर हे औषध त्या जिवाला फार वाईट. मला वाटलं, ही सुई सुरू करून देणाऱ्या हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल." हैदराबादच्या डॉक्टरांनी पुष्कळ काही सांगितलं होतं. मुरुमं येतील, राग लवकर येईल, टक्कल पडेल. पण पुरुष व्हायला निघालेला माणूस उद्या बायकोच आणणार, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ह्या बाजूचा विषय त्यांनी काढलाच नाही. आणि काढला असता तरी त्या वेळी नरसिंगनं तो कानाआडच केला असता. "उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन ये," बाई म्हणाल्या. "अवस नसली तरी ये. मागच्या दारानं."

अवस हे नरसिंगचं आणि बाईंचं आपसातलं वेळापत्रक होतं. ह्या मुलखात अवसेला कोणी नवं काम काढत नाही, आणि बायका तर दवाखान्याची पायरी चढत नाहीत. एरवी बाईंच्या दवाखान्यात पोटुशा बाया, त्यांच्या सासवा, रडणारी पोरं, तिखटमिठाच्या पुड्या असा बाजार भरलेला. अवसेला तिथं फक्त बाकडी. आणि ही सुई साधारण महिन्याची. तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी पंचांगाकडं बोट दाखवून सांगितलं होतं, तू अवसेला येत जा, कुणी बघणार नाही. तिथली नर्स त्याला अवसेचा पेशंट म्हणायची आणि गालात हसायची. तिला वाटे त्याला काही मोठा गुप्त रोग आहे. ज्या दिवशी सगळे लोक अंग चोरून घरात बसत त्या दिवशी नरसिंगच्या अंगात नवं बळ भरलं जाई, आणि बाकीच्यांचा महिना पगाराला सुरू होत असेल तर त्याचा अवसेला होई. आकाशात चंद्र नसलेला दिवस त्याला दिवाळीसारखा वाटे. आज मात्र तो मागच्या दारानं बाहेर पडला तो पाय ओढतच, आणि बीदरच्या मध्यावरच्या चौबाऱ्याच्या बुरुजापर्यंत येईतो आपण कोणत्या गल्लीतून आलो हेही त्याला आठवेना. पोटात गोळा आला असं आपण उठल्यासुटल्या म्हणतो. आज ते त्याला मनातदेखील म्हणवेना. सायकली जात होत्या, टांगेवाला घोड्याला उर्दूत शिव्या देत होता, पेरूच्या ढिगाशी एक बाई पेरू दाबून पाहत होती, आणि ह्या सगळ्यांमधून तो आपलं पोट एखादं दुसऱ्याचं गाठोडं सांभाळायला दिल्यासारखं घेऊन चालला होता.

शिवशंकरप्पांच्या फोटो स्टुडिओत तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचं काम करी. गालावरचे खड्डे बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, आणि लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरांच्या मिशा दाट करायच्या. ह्या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा बीदरमध्ये कोणी नव्हता. स्वतःला मिशी नव्हती त्या दिवसांत त्यानं इतरांच्या मिशांवर जीव ओतला होता. जयतीर्थाची ओळखही इथलीच. विजेच्या ऑफिसातला हा खजुरीकडचा ब्राह्मण कारकून ओळखपत्राचा फोटो काढायला आला आणि म्हणाला, "माझ्या तोंडावरचे देवीचे वण बुजवू नका बरं. वण गेले तर ऑफिसात मला कोणी ओळखणार नाही." नरसिंगनं मान वर करून पाहिलं. आहे तसा चेहरा मागणारं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं. पुढं तो फोटो न्यायला आला, मग फोटो चांगला आला हे सांगायला आला, मग काहीच कारण नसताना आला. नरसिंगनं त्याला सगळं सांगितलं त्या दुपारी जयतीर्थ चहा पार गार करून प्याला, आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्याही तोंडावरचं काही बुजवायचं नाही, असंच ना?" त्या वाक्यावर नरसिंग आजवर जगत आला होता. पण आज समोरच्या निगेटिव्हमधल्या नवऱ्या मुलाच्या मिशीवर पेन्सिल टेकली आणि पुढं सरकेना. काचेवरचा तो उलटा, काळ्याचा पांढरा झालेला चेहरा त्याच्याकडे बघत राहिला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. पोटावर हात नेला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

भीती मुलाची नव्हती. पोरं त्याला आवडत. थोरल्या बहिणीची, इंदिराअक्काची, तिन्ही पोरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली होती. भीती होती ती परत जाण्याची. आपल्या गावच्या, संतपूरच्या शाळेतून तो एकदा पळत सुटला होता, तेरा-चौदा वर्षांचा असेल, फ्रॉकवर डाग पडला होता, आणि घरी न जाता तो ज्वारीत शिरून बसला होता. डोक्यावरून उंच गेलेली ज्वारी, पानांचा करवती खरखराट, गालावर आलेले ओरखडे, आणि ज्या गोष्टीला कोणीही हो म्हणालं नव्हतं ती गोष्ट अंगात घडत असलेली. अण्णा त्याला शोधत आले होते. अण्णा म्हणजे तात्याराव, त्याचे वडील. ते शेजारी ढेकळांत बसून राहिले. पुढं कैक वर्षांनी, नरसिंगनं केस कापले, आज्याचं नाव घेतलं आणि हैदराबादहून डॉक्टरांची चिठ्ठी आणली, तेव्हा भावकीतली माणसं अण्णांच्या अंगणात जमली, की हे काय अक्रीत. अण्णा खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, "आमी धर्म बदलला तवा बी तुमी असंच जमला होता. जल्मानं अंगावर पडलेलं समदं मरस्तोवर वागवाया पायजे, असं म्यां मानत न्हाई. म्यां न्हाई वागवलं. माजं लेकरू बी न्हाई वागवणार." आणि त्या दिवसापासून ते 'माजा ल्योक' म्हणू लागले, इतकं सहज, की जणू आधीच तसं होतं, लोकांनाच ऐकू आलं नव्हतं. एवढं सगळं मागं टाकून आलो, नरसिंगला वाटलं, आणि त्या ज्वारीतल्या पोरीनं आपला पत्ता काढलाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काचेच्या पट्टीवर दोन थेंब टाकले, पट्टी हलवली आणि दिव्याखाली धरली. नरसिंग भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडं पाठ करून उभा होता. "काही नाही," बाई म्हणाल्या. "सुटलास." तो वळला आणि त्या बाळाकडं तोंड करून स्टुलावर बसला. पण बाई कसल्या सोडतात! "आता पुढचं बोल. रोजच्या गोळ्या आहेत, पण त्यांत बायकांचं औषध असतं." नरसिंगनं मान अशी झटकली की बाई हसल्या. "माहीत होतं मला. मग ज्यात औषधच नाही ते घ्यावं. निरोध आहे, जयतीर्थ वापरेल. त्याची नसबंदी होऊ शकते. तुझं ऑपरेशन होऊ शकतं, नळ्या बांधायचं. नाहीतर पिशवीच काढायची, पण त्याला हैदराबाद, मोठा दवाखाना, ते तुझ्या मनात आलं तर कधीतरी. आणि तांबी आहे. एवढीशी असते. तांब्याची तार. तिच्यात औषध नाही, तुझ्या सुईच्या कामात ती ढवळाढवळ करत नाही. बसवली की काही वर्षं विसरायचं." तांबी. संतपूरच्या विहिरीवर बाया पदर तोंडाशी धरून हा शब्द बोलायच्या. नरसिंगनं विचारलं, "तिनं रक्त जास्त जातं म्हणत्यात." बाई म्हणाल्या, "बायकांना जातं. तुझी सुई चालू आहे, तुला बहुतेक चार दिवस डाग दिसेल आणि थांबेल. बसवताना मात्र दुखेल. सुईनं आतली जागा कोरडी, नाजूक झालेली असते. खोटं नाही सांगत." मग त्याच्याकडं बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, "घाई नाही अप्पा. पण तोवर जपा."

जपणं नरसिंगनं फारच मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्यानं आपलं अंथरूण खिडकीशी ओढलं. पाठीत उसण भरलीय म्हणाला. जयतीर्थानं दोन दिवस त्या पाठीला तेल चोळलं, तिसऱ्या दिवशी रविवारी चहाचा कप पुढं ठेवून म्हणाला, "उसण पाठीत भरलीय का माझ्यावर भरलीय, तेवढं सांग. मला तेल कुठं लावायचं ते कळंना." नरसिंगनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज मध्येच चिरकला, जुन्या आवाजासारखा, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. जयतीर्थ ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आला तो आनंद नव्हे, भीतीही नव्हे. अपराध करून बसलेल्या माणसाचा भाव होता. "आणि मी मेला इथं आरामात घोरत होतो," तो म्हणाला. "तू कामून एकट्यानं काढायलास हे सगळं? जे करायचं ते माझ्यात करू. तुझ्या पोटाला हात लावायचं काम नाही."

आणि जयतीर्थ कामाला लागला. हा माणूस एखाद्या गोष्टीच्या मागं लागला की ऑफिसात साहेबही हात टेकत. आधी तो निरोध आणायला गेला. कुटुंबनियोजनाच्या खात्यात अमृतप्पा म्हणून एक कार्यकर्ता होता, फुकट वाटप त्याच्याकडं. त्यानं पिशवी भरून दिली, पाठीवर थाप मारली, आणि संध्याकाळी स्वतः खोलीवर हजर, भालकीच्या एका सुस्वभावी मुलीचं स्थळ घेऊन! निरोध नेणारा सडा माणूस लवकर मार्गी लावला पाहिजे, असं त्याचं प्रामाणिक मत. जयतीर्थानं त्याला चहा पाजून घालवला. नरसिंग आत मोरीत तोंड दाबून हसत होता, पण अंथरूण खिडकीशीच राहिलं. एखाद वेळी फाटला तर? घसरला तर? बाईंनी नीट वापरायला शिकवलं होतं, जयतीर्थ नीट वापरणाराही होता. पण नरसिंगच्या मनातली ती पोर ज्वारीतून डोकावतच राही. मग पंधरवड्यानं शाळेच्या पटांगणात नसबंदीचं शिबिर लागलं आणि जयतीर्थ अर्धी रजा टाकून रांगेत जाऊन उभा राहिला. टेबलाशी बसला होता कोण, तर अमृतप्पा. "मुलं किती?" "नाहीत." "बायको?" "नाही." अमृतप्पानं चष्मा काढला. "परवा निरोध, आज नसबंदी! अरे मर्दा, मध्ये लग्न नावाची एक गोष्ट असते!" जयतीर्थ म्हणाला, "देशाची लोकसंख्या बघवत नाही." मग डॉक्टर आले, दोन-चार माणसं जमली, आणि सगळ्यांनी मिळून त्याला समजावलं की बाबा, आधी लग्न कर, दोन होऊ दे, मग ये, आम्ही काही पळून जात नाही. शिबिरातून कोणाला तरी हाकलून लावल्याची ती बीदरातली पहिलीच वेळ असावी. "दहा वर्षांमागं आणीबाणीत हेच लोक माणसं धरधरून नेत होते," घरी आल्यावर जयतीर्थ शर्ट खुंटीला लावत फणफणला, "आणि आज आपल्या पायानं गेलो तर म्हणतात पोरं दाखव! हैदराबादला जातो. तिथं कोणी ओळखत नाही. तीन पोरं सांगतो, नावं पण ठरवलीत." आणि त्यानं नावं सांगितली.

नरसिंग हसता हसता रडायला लागला. कधी हसणं थांबलं आणि कधी रडणं आलं हे त्याला कळलं नाही. आपल्या पायी हा माणूस रांगेत उभा राहिला, गावासमोर फजिती करून घेऊन आला, आणि आता न झालेल्या पोरांची बारशी घालतोय. कोणी आपल्यावर इतकं प्रेम करावं ह्याची त्याला सवय नव्हती. त्या रडण्यातच त्याच्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. "जयतीर्था, तू न्हाई जायचं कुठं," तो डोळे पुसत म्हणाला. "तू केलंस तर तुझं होईल. भ्या माझं हाय. ते ह्या पोटात हाय. आजवर ह्या पोटाचं जे झालं ते मला न विचारता झालं. एकदा तरी मला विचारून होऊ दे. म्यां तांबी बसवून घेतो." जयतीर्थानं मान डोलावली. मग म्हणाला, "पण मी आत येणार."

ठरवणं सोपं होतं. ठरवल्यानंतरचे दिवस कठीण गेले. पेन्सिल चालवता चालवता त्याला ते टेबल दिसे, पाय अडकवायचे ते लोखंडी हात, छताचा पंखा. तिथं आडवं होताना आपल्या अंगावरची दाढी, आवाज, नाव हे सगळं बाहेर चपलांपाशी काढून ठेवावं लागेल, आणि परत येताना ते तिथं नसेल, असं काहीतरी त्याला वाटत राही. इंदिराअक्का येळवशीच्या सणाच्या बाजाराला बीदरला आली तेव्हा त्यानं तिला स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि विचारलं, "अक्का, तुला तांबी बसवली तवा लई दुखलं का गं?" अक्कानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती पदरात तोंड घालून अशी हसली की बाहेरून शिवशंकरप्पांनी विचारलं, काय झालं. "आरं माज्या भावा! ही बी तऱ्हा असती का!" डोळे पुसून झाल्यावर तिनं त्याचा हात धरला. "येक डाव कळ येती. दात-ओठ खायाचं. मंग कोण आठवतंय! म्यां तर लुगड्याच्या निरीगत इसरून गेले. आन् हे बग नरसिंग, त्यात बायकी काय न्हाई. ज्याच्या वावरात कवा बी जनावर शिरतंय, त्यानं काट्याचं कुंपण लावायाचं. बाप्या असू दी न्हाईतर बाई." जाताना ती म्हणाली, "येळवशीला या दोघं बी. आण्णा वाट बगतेत. जयतीर्थाला म्हणावं, भज्जी न्हाई खाल्ली तर बामण असशील घरी."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. एरवीच्या अवसेला दवाखाना रिकामा असतो. येळवशीला गावच रिकामं होतं. ज्याचं शेत तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या, पण जेवायला गावात कोणी थांबत नाही. सकाळी नरसिंग आणि जयतीर्थ निघाले तेव्हा दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कुत्री रस्त्याच्या मधोमध पसरलेली, आणि डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं वेशीकडं लगबगीनं चाललेली. बाईंची नर्सही शेतात गेली होती. बाई एकट्याच, नव्या इरकली साडीवर पांढरा कोट. "लवकर आटपू," त्या म्हणाल्या, "मला पण आंबील प्यायला जायचंय." मग जयतीर्थाकडं वळल्या. "तू आत येणार? आजवर ह्या खोलीत एकही नवरा आलेला नाही. सगळे बाहेर बिड्या ओढतात." जयतीर्थ छाती काढून म्हणाला, "मी येणार बाई. हात धरणार." त्याला त्यांनी उशाकडं उभं केलं.

नरसिंग आडवा झाला. पंखा होता, अगदी मनात होता तसाच. लोखंड टाचांना गार लागलं आणि तो गार स्पर्श वर वर चढत गेला. बाई काय करताहेत ते सांगत होत्या, आता थंड लागेल, आता दाब येईल, आणि तो हळूहळू तिथून निघून चालला होता, जसा तो लहानपणापासून जाई. अंग इथं ठेवायचं आणि आपण लांब जाऊन उभं राहायचं. टेबलावर ती ज्वारीतली पोर पडली होती, आणि नरसिंग दारापाशी, अनोळख्यासारखा. "सैल सोड अप्पा, सैल सोड," बाई म्हणत होत्या. "दगडासारखा झालायस. असं नाही जमणार." त्याला ऐकू येत होतं, पण ज्याला सांगत होत्या तो तिथं नव्हता. बाईंनी हात थांबवला. "पुन्हा कधी करू या का?" त्यांनी अगदी मऊपणानं विचारलं. आणि त्याच वेळी, नरसिंगचा हात घट्ट धरून, "मी आहे ना, काही नाही, काही नाही रे," असं पुटपुटत असलेल्या जयतीर्थानं, नक्की काय चाललंय ते बघावं म्हणून मान लांब केली. ट्रेमधलं ते चोचीचं हत्यार त्याला दिसलं. त्यानं "अय्यो" एवढंच म्हटलं, आणि नरसिंगचा हात न सोडता, उभ्याचा आडवा होत, इनॅमलच्या ट्रेसकट, कापसाच्या डब्यासकट, जमिनीवर गेला.

ट्रे बराच वेळ घुमत राहिला. बाई दिवा हातात धरून म्हणाल्या, "आता ह्याला कोण उचलणार? सगळं पुन्हा उकळलेलं काढायला आलं!" आणि नरसिंगला हसू फुटलं. आधी नाकातून, मग छातीतून, मग पार पोटातून. पाय वर अडकलेले, एक हात खाली, कारण बेशुद्ध पडलेल्या माणसानं तो अजून सोडलेला नव्हता, आणि तो गदगदा हसत होता, आपल्या जाड, फुटक्या, सुईनं कमावलेल्या आवाजात. खालून जयतीर्थाचा क्षीण आवाज आला, "झालं का?" त्यावर तो आणखी हसला. बाईंनी कपाटातून नवं सामान काढलं, त्याही हसत होत्या. "हास, हास, असाच हास, थांबू नकोस," म्हणता म्हणता त्यांचा हात चालत होता. मग एक कळ आली. खोल, आत कुठंतरी मूठ आवळल्यासारखी, डोळ्यांपुढं पिवळं करणारी. त्यानं दात-ओठ खाल्ले. कळ त्याची होती. तो दारापाशी नव्हता, लांब कुठं उभा नव्हता, ह्या टेबलावर होता, ह्या अंगात, दाढीसकट आणि पोटासकट. त्या पोरीचं काय झालं म्हणून त्यानं मनात पाहिलं, तर ज्वारीत कोणीच नव्हतं. तीही हसत इकडंच आली असावी. "झालं," बाई म्हणाल्या. "हसलास म्हणून झालं. चार दिवस डाग दिसेल. ती पाळी नव्हे, जखम समज. महिन्यानं दाखवायला ये." "अवसेला?" नरसिंगनं विचारलं. "मग काय पौर्णिमेला?" बाई म्हणाल्या आणि मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, जयतीर्थाला.

संतपूरच्या मोटारीत दोघांना बसायला जागा मिळाली. ओटीपोटात ठणका होता, खड्डा आला की तो वर उसळे, आणि नरसिंगला त्या ठणक्याचा राग येत नव्हता. शेतात पोचले तेव्हा कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसलेली. बाजरीचे उंडे, दहा भाज्यांची भज्जी, मडक्यात गारगार आंबील. शेजारच्या शेतात पाच दगड मांडून पूजा चालली होती, अण्णांच्या खोपीत दगड नव्हते. "पूजा सोडली," अण्णा दर येळवशीला जयतीर्थाला सांगत तसं त्यांनी आजही सांगितलं, "पर आंबील न्हाई सोडली. आंबिलीनं कुणाचं काय बिगडवलंय!" इंदिराअक्कानं नरसिंगकडं भुवई उंचावून पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं त्याच्या ताटात गुळाचा मोठा खडा ठेवला. जयतीर्थ तीन वाट्या भज्जी जेवला. चक्कर आलेल्या माणसाला भूक फार लागते, असं त्याचं म्हणणं.

उन्हं कलली तशी रानाला आंबील शिंपायची वेळ झाली. ज्वारी पोटरीत आली होती, कणसं पानांच्या आत फुगून बसलेली, आणि आज तिचे डोहाळे, काळ्या आईचं डोहाळजेवण. अण्णा उठायला गेले आणि गुडघा धरून पुन्हा बसले. "यंदा तू जा बाबा," त्यांनी निंबाची डहाळी नरसिंगच्या हातात दिली. नरसिंग पुढं, आंबिलीचा लोटा घेऊन जयतीर्थ मागं, आणि बांधावरून पोरांचा आरडाओरडा. तो डहाळी लोट्यात बुडवी आणि दोन्हीकडं शिंपी. ताकाचा आंबूस वास, पायांखाली भेगाळलेली काळी ढेकळं, पानांचा खरखराट. पोटातला ठणका पावलागणिक बोलत होता. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो निम्म्या रानात होता. सकाळी आपल्या पोटाला दार लावून आलेला हा गडी दुपारी रानाला म्हणत होता, भर, पिक, पोसवून ये. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं त्याला वाटायला हवं होतं. पण त्याला नुसता आनंद होत होता, उघडा, धडधडीत आनंद. आपलं आपल्याला हवं तसं झालं की दुसऱ्याचं भरभरून व्हावं असं किती सोपं म्हणता येतं! "भरून ये गं माय," तो ज्वारीला पुटपुटला. "माझ्या वाटचं बी तूच पिकव. मला सुट्टी." आणि स्वतःशीच मोठ्यानं हसला.

"हसायलास कामून?" मागून जयतीर्थानं विचारलं. कारण कळल्यापासून महिनाभर ह्या माणसानं हूं की चूं केलं नव्हतं, खिडकीशी ओढलेल्या अंथरुणाकडं एकदाही बोट दाखवलं नव्हतं. नरसिंग थांबला. वळला. देवीच्या वणांचा तो चेहरा उन्हात तांबूस दिसत होता, गालाला भज्जी लागलेली. आता भ्यायचं काही उरलं नव्हतं, आणि हे त्याला आधी अंगानं कळलं, मग मनानं.

"ठणका थांबू दे," तो म्हणाला, "मग खिडकीतनं लई गार वारं यायलंय म्हणून म्यां अंथरूण तुझ्याकडं सरकवणार हाय. सरकशील का जरा?"

जयतीर्थाच्या हातातला लोटा कलंडला, आणि निम्म्या रानाची आंबील एकाच धाटाला मिळाली.